उशिरा ये, पण ये

१४ जाने. ९६
उत्तन. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जर्नल पूर्ण करायला चाललेय. भाईंदरहून बस. गिटार मांडीवर उभी धरलेली. कंडक्टर म्हणाला, "ताई, हिचं पण तिकीट काढा."

वि. थांब्यावर उभाच होता. (विल्सन. या वहीत वि.च लिहायचं. आईने उघडली तर निदान नाव सापडायला नको. आणि आत्ताच लिहून बसले. असो.)

त्याच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, त्याखाली बसलो. कॉलेजात ओळख झाल्यापासून हे असंच चाललंय. मी शब्द आणि चाल आणते, तो गिटारवर ती नीट बसवतो. चर्चमध्ये वाजवून वाजवून त्याचा हात असा झालाय की माझं ओबडधोबड पण शहाण्यासारखं वाटतं.

त्याचा मोठा भाऊ पीटर बोटीवर निघाला होता. फिलोमावशी, म्हणजे त्यांची आई, दारातून ओरडली, "उशिरा ये, पन ये."
मी विचारलं, लवकर ये का नाही म्हणत?
वि. हसला. "दर्यावरून कोन लवकर आला म्हंजे कायतरी बिघडलं समज. बाबा गेल्यापासून आई असंच बोलते. गावात दुसरं कोन न्हाय बोलत."

बसमध्ये परत येताना तेच डोक्यात. उशिरा ये, पण ये. नुसतं म्हटलं तरी चालीत पडतं.

२८ जाने.
गाणं झालं. झालं!! पहिल्या कडव्यात बोट, दुसऱ्यात घर, तिसऱ्यात काहीच नाही, फक्त वाट. वि. म्हणतो तिसरं कडवं काढ. मी म्हटलं काढणार नाही. भांडण. मग चहा. कडवं राहिलं.

मावशीला ऐकवलं. ती बोंबील उलटे करत होती, करतच राहिली. संपल्यावर म्हणाली, "माजाच बोल माज्याकडंच विकतंस व्हय गो?" आणि जेवायला वाढलं.

३ मार्च
कॉलेजच्या कार्यक्रमात गायले. वि. गिटारवर. मुलींनी पुन्हा म्हणायला लावलं. खाली उतरले तर एक गृहस्थ, सफारी सूट, केतनभाई. भाची नाचात होती म्हणून आले होते. कॅसेट कंपनीत आहेत. म्हणाले, "गाना किसका है?"
मी म्हटलं, आमचं.
"हमारा मतलब?"
मी वि.कडे बोट दाखवलं. तो वायर गुंडाळत होता. केतनभाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

१९ एप्रिल
अंधेरी. कंपनीचं ऑफिस. एसी इतका की दात वाजत होते. आम्ही टेप केलेलं गाणं ऐकलं त्यांनी, दोनदा. सगळं हिंदीत करायचं म्हणाले, पण ती एक ओळ मराठीच ठेवा, "साउंड में मज़ा है." पूर्ण कॅसेट माझी. माझी!
गिटारचं विचारलं. "वो हमारा बंदा बजा लेगा."

वि.ला सांगितलं तेव्हा तो पेणकरपाड्याच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत होता. म्हटलं, तुझ्याशिवाय नको करूया. खरंच म्हटलं.
"येडी हायस का? जा. मी काय पळून जातोय?"
रिक्षा आली. तो बसला. हात बाहेर काढून हलवत राहिला, लांबपर्यंत.

६ मे
नावाचा गोंधळ. केतनभाई: "प्रग्या? ये बोलने में लोगों की जीभ मुड़ जाएगी." म्हणून आता मी पिया. कॅसेटवर फक्त पिया, आडनाव नाही.
पप्पा टेलिफोन खात्यातून येऊन चहा पीत होते. सांगितलं. बशी खाली ठेवली. "प्रज्ञा आणि करुणा. दोन्ही नावं मी विचार करून ठेवलीत. कुणाची जीभ वळते का बघून नाही ठेवली."
आई म्हणाली, गाऊ द्या हो. घरात तर प्रज्ञाच आहे ना.
पप्पांनी बशी पुन्हा उचलली. करुणा मात्र दिवसभर मला पिया, ए पिया, भांडी घास पिया.

८ सप्टें.
वेलंकनी मातेची जत्रा, उत्तन. गर्दी, मेणबत्त्या, समुद्राचा वारा, फुगे. वि.ने पांढरा शर्ट घातला होता, केस विंचरलेले, भलताच सभ्य. पीटर दादाने मला आईस्क्रीम घेऊन दिलं आणि वि.ला चिडवलं, "हिला कवा आनतोस रं घरी?" वि. लाल.

नंतर खडकावर बसलो. वि. म्हणाला, "मी पप्पांना भेटायला येऊ?"
मला समजलं तो काय विचारतोय.  म्हटलं, आधी कॅसेट येऊ दे. एकदम दोन बॉम्ब नको घरात.
"बरं," म्हणाला.
त्याला वाईट वाटलं का? चेहऱ्यावरून कळलं नाही. मला खूप छान वाटत होतं. समुद्र, मेणबत्त्या, सगळं.

१७ ऑक्टो.
काल दुपारपासून वादळ. इमारतीच्या गच्चीवरचे पत्रे उडाले. स्टुडिओला गेले नाही. उत्तनला फोन लागत नाही.

१८ ऑक्टो.
कोपऱ्यावरच्या दुकानात वि.चा फोन. पीटर दादाची बोट आली नाही.

२० ऑक्टो.
गेले होते. सगळा गाव किनाऱ्यावर. बाकीच्या बोटी शोधायला गेलेल्या, परत आलेल्या, पुन्हा गेलेल्या. वि. त्यांच्याबरोबर. दिसला तेव्हा ओठ मिठाने फुटलेले. 
मावशी दारात बसलेली. मला बघून म्हणाली, "आयलीस? बस. त्यो यायचा हाय अजून."

२ नोव्हें.
बोटीची फळी मिळाली, वसईकडे. माणसं नाही. पीटर दादा नाही.
आज त्यांच्याकडे मेलेल्यांचा दिवस. सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतात. मावशी गेली नाही. वि. म्हणाला चल, वडिलांच्या कबरीवर तरी. म्हणाली, घर उघडं टाकून कशी येऊ?

१६ नोव्हें.
केतनभाईंनी सांगितलं, कॅसेटचं नाव तेच गाणं. पोस्टरवर तीच ओळ.
मी म्हटलं, ते नको. दुसरं कुठलंही घ्या.
"बेटा, बाकी सात गाने मैंने उस एक के लिए लिए हैं."

१७ नोव्हें.
उत्तन. विचारायलाच गेले. मावशीसमोर बसले. सांगितलं, मावशी, ते गाणं आता रेडिओवर लागणार. तुझं. तू नाही म्हण, मी नाही गात. खरंच नाही गात.
मावशीने माझा हात धरला. तिचे हात कायम ओले असतात, आज कोरडे होते.
"गा," म्हणाली. "मोठ्यानं गा. बोटीवर रेडिओ असतो ना गो. कुटं असंल तितं त्याला आयकू जाऊ दे."

बाहेर वि. उभा. सगळं ऐकलेलं.
"न्हाय गायचं ते."
मावशी म्हणतेय, मी म्हटलं.
"आईला कलत न्हाय ती काय बोलते. तुला तर कलतं ना? पीटर मेला. रेडिओनं मानूस परत येतो का?"
पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला.

मी कोणाचं ऐकू? आईचं की भावाचं? आणि खरं सांगायचं तर, या वहीत तरी, मला स्वतःला गायचंय. सगळ्यात चांगलं तेच झालंय माझ्या हातून. हे कोणाला सांगणार.

५ डिसें.
गायले. तिसऱ्या कडव्याला आवाज फाटला. म्हटलं पुन्हा घेऊ. काचेपलीकडून केतनभाई: "हाथ मत लगाओ. यही चाहिए."

२१ डिसें.
पीटर दादाऐवजी आता वि. घर चालवतो, दुसऱ्याच्या बोटीवर जातो. स्वतःची छोटी होडी पण आहे. गिटार चर्चमध्येच ठेवलीय म्हणे. नाताळला ये म्हणाला नाही. मीही गेले नाही. गेले असते तर काय झालं असतं माहीत नाही.

२३ जाने. ९७
आज जे झालं ते लिहू की नको. लिहिते.

व्हिडिओचं शूटिंग. मला सांगितलं होतं, मढला आहे. गाडी भाईंदरहून उत्तनकडे वळली तेव्हा समजलं. डायरेक्टर म्हणाला, इथे गर्दी नाही, होड्या भरपूर. होडी ठरवलेली होती गावातल्या कोणाकडून तरी. वि.ची.

तो तिथे होता. होडी धरून गुडघाभर पाण्यात. मी निळी साडी, केसांत पंखा मारून वारा. एकमेकांकडे बघितलं. त्याने मान हलवली, ओळखीच्या बाईला हलवतात तशी.

माझा "हीरो" दिल्लीचा मॉडेल, रोहन. चांगला मुलगा, पण लाटेला घाबरला. होडीत चढताना पडला, गुडघा फुटला, नंतर पाण्यातच जाईना. ऊन उतरायला लागलं. डायरेक्टर ओरडायला लागला. मग वि.कडे बघून, "ए भाई, तू उसका शर्ट पहन. सिर्फ़ पीछे से लेना है."

मी म्हटलं, नको. कोणी ऐकलं नाही. वि.ने शर्ट घातला. पांढरा.

"सीधा चलते जाओ, नाव ढकेलो, बैठो. मुड़ना मत. कुछ भी हो, मुड़ना मत."

मोठ्या स्पीकरवर माझं गाणं. मी मागून धावतेय, ओठ हलवतेय, उशिरा ये, पण ये. तो पुढे चाललाय, पाठ माझ्याकडे, पाण्यात. मी खरंच रडत होते. डायरेक्टरला फार आवडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा. तो एकदाही वळला नाही. वळला नाही, ते सांगितलं होतं म्हणून. मी स्वतःला तेच सांगतेय.

लांब मावशी दारात उभी दिसत होती. स्पीकर तिथपर्यंत ऐकू जात असणार.

झाल्यावर वि.ने शर्ट काढून घडी घातली, युनिटमधल्या पोराकडे दिला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "पाय भिजलेत. चपला घाल."
एवढंच.

१५ मार्च
केबलवर लागलं. खालच्या शाह काकी धावत वर आल्या, "प्रज्ञा, तू टीवी में!" सगळी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये. पप्पा मागे उभे. गाणं संपल्यावर म्हणाले, "शेवटी पाठमोरा जातो तो मुलगा कोण? चालतो छान. नट वाटत नाही."
म्हटलं, तिथलाच कोणीतरी.

२ मे
सगळीकडे तेच. स्टेशनबाहेरच्या कॅसेटवाल्याकडे माझा चेहरा, दोरीला चिमट्याने लावलेला. रिक्षात तेच. लग्नात बँडवर तेच, आणि लोक त्यावर नाचतात! वाट बघण्याच्या गाण्यावर नाचतात. मुली साडी नाही तर ओढणी घेऊन मागे धावायची नक्कल करतात.

सकाळी पाण्याच्या टँकरला उभी होते. बायका: "पिया, तू आगे जा ना." मी हंडा उचलला. आई मागून, "रांगेत राहा. गाण्याने पाणी पुढे मिळत नाही."
सगळ्या हसल्या. मीही. बऱ्याच दिवसांनी.

१० मे
पुणे, नाशिक, सुरत. कार्यक्रमच कार्यक्रम. हॉटेलातल्या उशा फार उंच असतात. पोरं स्टेजजवळ येऊन ओरडतात "ये, ये, ये!" मला वाटतं कोणाला बोलावतायत.

२९ जून
वि. घरी आला. आमच्या घरी, पहिल्यांदा. पावसात बोटी बंद. छत्री दाराबाहेर ठेवली, चपला सरळ लावल्या.
पप्पांनी विचारलं कोण. मी म्हटलं, माझ्याबरोबर गिटार वाजवायचा.
"वाजवायचा." तोंडातून तसंच निघालं. वि.ने ऐकलं.

चहा झाला. पप्पा त्याच्याशी बोटींबद्दल बोलत बसले, छान बोलले. त्याला पप्पांना भेटायचं होतं, भेटला. असा भेटला.

मग जिन्यात उभं राहून त्याने सांगितलं. मावशी रोज दुपारी शेजाऱ्यांकडे जाऊन बसते, केबल आहे त्यांच्याकडे. गाणं लागेपर्यंत बसते. शेवटी तो पाठमोरा होडीकडे जातो ना, तेव्हा उठून उभी राहते. म्हणते, पीटर.

"मी सांगितलं, आई, तो मी हाय. शूटिंगचा मी हाय. ऐकत न्हाय. एक दिवस घरात चालून दाखवलं तिला. पाठ करून. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तर म्हणते, ही तुजी चाल. त्यो पीटर हाय. आईला पाठ कलत न्हाय का पोराची?"

तो एक पायरी खाली उतरला.
"रात्री ताट वाढते त्याचं. दार लावू देत न्हाय. पावसाचं पाणी आत येतं. प्रज्ञा, बंद करता येईल का ते? नुसतं शेवटचं तरी?"

किती दिवसांनी कोणी प्रज्ञा म्हटलं. घरच्यांशिवाय.

१ जुलै
केतनभाईंकडे. सगळं सांगितलं, रडत. त्यांनी पाणी दिलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "बेटा, चैनल के पास है, मेरे हाथ में क्या है? और लोग उस पीठ को देखने के लिए ही तो रुकते हैं."

१० ऑग.
उत्तनला गेले. तोंडावर ओढणी, बसमध्ये ओळखतात आता. मावशीला मीच सांगायचं ठरवलं. मी तिथे होते, मागे धावत होते, माझं तरी ऐकेल.
म्हटलं, मावशी, तो विल्सन होता. मी शप्पथ घेते.
तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कीव आल्यासारखं.
"तू खोटं कशाला बोलतंस गो? तुज्याच गान्यानं आयला ना त्यो. तुजे उपकार हायेत."
आणि माझ्या हाताचा मुका घेतला.

वि. दाराजवळ उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू आता येत जाऊ नको. तू आलीस की तिला वाटतं तू निरोप घेऊन आलीस."
म्हटलं, आणि तू? तुला काय वाटतं?
खूप वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसला.
"मला वाटायला वेळ न्हाय," म्हणाला.

(घरी येऊन अंगाला मासळीचा वास. आंघोळ केली नाही.)

४ सप्टें.
भाईंदरच्या मैदानात कार्यक्रम. स्वतःच्या गावात. पप्पा, आई, करुणा पहिल्या रांगेत. पप्पांनी बाजूच्या माणसाला सांगितलं, "माझी मुलगी. प्रज्ञा." तो म्हणाला, "नहीं अंकल, पिया है."
गाणं सुरू केलं आणि लोकच गायला लागले. मी माइक त्यांच्याकडे धरला, सगळ्या मोठ्या गायिका करतात तसा. टाळ्या. त्यांना वाटलं ऐटीत आहे. मला शब्द फुटत नव्हते.

१४ डिसें.
वि. पत्रिका घेऊन आला. मी घरी नव्हते, सुरतेला होते. आईने सांगितलं. मुलगी गोराईची, लीना. घरात राहणारी, मावशीला सांभाळणारी.
आई म्हणाली, "चांगला मुलगा आहे. दोनदा आला, दोन्ही वेळा चपला सरळ लावल्या." मग माझ्याकडे बघत राहिली. आई ही वही उघडत नाही. तिला उघडायची गरजच नाही.

१७ जाने. ९८
लग्न.
जायचं नव्हतं. पप्पा म्हणाले, बोलावलंय तर जायचं, मी येतो बरोबर. त्यांना सगळं कळलं असावं.  गाडीत माझी पर्स धरून बसले.

चर्चमध्ये मागे बसलो. लीना बुटकी, गोड, खूप घाबरलेली. वि. सुटात. पाठमोरा. मला कशाला कोणी ओळखायला सांगायला हवं ती पाठ.

नंतर शाळेच्या मैदानात मांडव, बँड, डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, नाच. बँडवाल्यांनी ते गाणं धरलंच. सगळे नाचायला लागले, त्यांना काय माहीत. मावशी खुर्चीत, मांडवाच्या दाराकडे तोंड करून. मग बँडच्या म्होरक्याने मला बघितलं. माइकवर ओरडला, पियाजी आल्यात! हात धरून ओढलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, गा, गा. पप्पा उठून उभे राहिले. मी स्टेजच्या पायरीवर, हातात माइक, समोर नवरा-नवरी.

वि. उतरून आला. वाटलं गिटार मागतोय कोणाकडे. खरंच वाटलं मला, एक क्षण. त्याने माझ्या हातातून माइक घेतला. हळू घेतला. म्होरक्याला म्हणाला,
"तिला न्हाय गायला लावायचं. ती पावनी हाय."

आणि मला, "जेवून जा." मावशीसारखंच.

जेवलो. पप्पांनी पण सगळं संपवलं. घरी येताना पाऊण रस्ता झाल्यावर म्हणाले, "मुलगा चांगला होता, प्रज्ञा." होता म्हणाले.

पाव्हणी.

१ मार्च
दुसरी कॅसेट. केतनभाई म्हणतात, "वैसा ही एक और." बसते. काही येत नाही. हात तारांवर जातो आणि हाताला त्याचेच कॉर्ड येतात, म्हणून गिटार ठेवून देते.

१२ जून
कंपनीने कोणाकोणाची गाणी घेतलीत माझ्यासाठी. गोड आहेत. गायले. केतनभाई म्हणाले, "अच्छा है." काचेपलीकडून या वेळी "हाथ मत लगाओ" म्हणाले नाहीत.

९ ऑग.
नवीन मुलगी आली आहे कंपनीत, कोल्हापूरची. छान गाते. मला म्हणाली, दीदी, तुमच्यामुळे मी गाते. मला तिच्या पाया पडून सांगावंसं वाटलं, घरी जा. सांगितलं नाही. पाणी प्यायला दिलं.

१८ ऑक्टो.
आज फिलोमावशी आली. एकटी. उत्तनहून बस, मग रिक्षा, "पियाचा घर कुठला" विचारत विचारत. सुक्या बोंबलांची पिशवी आईच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरातच खाली बसली, पाट दिला तरी जमिनीवर. आई भाकरी थापत होती.

वाळलीय. पण डोळे आता इथे असतात. समोरच्या माणसावर.

म्हणाली, "लीनाचा सातवा महिना."
बरं झालं म्हटलं.

मग स्वतःच सांगायला लागली. मध्यंतरी एका दुपारी शेजाऱ्यांच्या केबलवर गाणं लागलं होतं. लीना पण तिथे तांदूळ निवडत बसली होती, गाणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघत होती. तो होडीकडे निघाला आणि लीना म्हणाली, आई, हे तर आपले विल्सन.
"मी बोलले, न्हाय. ती बोलली, आवो आई, डावा खांदा बगा. ल्हानपनापास्नं जालं वढून वढून खाली गेलाय. मी रोज तेल लावते त्याला. मंग मी बगितलं. खरंच विल्सन व्हता गो."

आईचा हात तव्यावर थांबला.

हे मी पण सांगितलं होतं मावशीला. शपथ घेऊन. पण माझं खरं धरलं नाही तिने. मी त्याच्या मागे धावत होते, तरी खांदा मला दिसला नव्हता. बायकोला दिसला.

मावशी म्हणाली, "मेलेल्यांच्या दिवशी, दोन तारखेला, मेनबत्ती लावनार हाय मी. पीटरच्या नावाची. कबर न्हाय, तर वालूवर लावीन. फादरना सांगून ठेवलंय. तू ये."

मी मान हलवली. कशी तरी.

"त्या येलंला एक गानं म्हन."
 म्हटलं, मावशी, ते नको, मी ते...
"त्ये न्हाय!" एकदम मोठ्याने म्हणाली. मग हळू. "त्ये पुरं झालं. लय बोलावलं त्याला. आता झोपू दे. झोपवायचा गानं हाय का तुज्याकडं?"

मी म्हटलं, नाही. कंपनीचं नाही, माझं नाही, कुठलंच नाही.
"मंग बनव. तुला येतं."

विचारायचं नव्हतं, विचारलं. विल्सन वाजवेल का?
मावशीने माझ्याकडे बघितलं. सगळं माहीत असलेल्या बाईसारखं. तिला कधीपासून माहीत होतं देव जाणे.
"त्याला इचारलं न्हाय अजून. आदी तुला इचारते."

आईने भाकरी वाढली. मावशी पोटभर जेवली. जाताना दार स्वतःच ओढून घेतलं.

संध्याकाळ. गिटार काढलीय. एक तार तुटलेली आहे, उरलेल्यांवर करतेय. पहिली ओळ आली होती, खोडली. पप्पा आत येऊन गेले, दिवा लावून गेले. काय लिहितेस विचारलं नाही.

अजून काही नाही. एक सूर आहे, खालचा. त्याच्या पुढे कुठे जायचं ते शोधतेय.